घोडा उतरवणारा

क्रेनच्या डेपोत त्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ चढते आहे की नाही ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. हा माणूसही तसाच होता. सरळ, जड, आणि कुणी हलवल्याशिवाय न हलणारा. कँटीनमध्ये बाकीचे ड्रायव्हर एकमेकांच्या टोप्या उडवत बसत, तेव्हा हा कोपऱ्यात आपला डबा उघडून गुपचूप जेवायचा. पण चिंचोळ्या गल्लीत, विजेच्या तारांच्या मधून काही नाजूक उचलायचं असलं की साहेब दुसऱ्या कुणाचं नाव घेत नसत. "ओळंब्याला पाठवा," म्हणत, आणि विषय संपायचा.

त्याच्या घरात एक शब्द वर्ज्य होता. घोडा.

म्हणजे किती वर्ज्य, तर धाकटी बहीण शाळेत असताना एकदा गणित सुटेना म्हणून सहज म्हणाली, "नेमकं कुठं घोडं अडलंय तेच कळत नाही." आईनं पोळपाटावरचा हात तसाच उचलून तिच्या गालावर ठेवला. पिठाची पाच बोटं उमटली. मुलगी रडली नाही, कारण आपलं काय चुकलं ते तिला लगेच कळलं होतं. रंगारी लोक ज्या दुपायी शिडीला घोडा म्हणतात तिला या घरात नुसती शिडी म्हणत. आणि शेजारच्या मुलानं बुद्धिबळाचा पट आणला तेव्हा आईनं त्याला दारातूनच परत पाठवलं होतं.

त्या शहरात राहून हा नेम पाळायचा म्हणजे नाकी नऊ येणार, हे उघडच होतं. शहर राजधानीचं, आणि राजधानीची खूण घोडाच. बिनस्वाराचा, मान खाली घालून पाणी पिणारा घोडा. जुनी गोष्ट अशी सांगत, की कुणी सरदार लढाईवर गेला तो परत आलाच नाही. त्याचा घोडा मात्र एकटा परतला, नदीच्या उताराशी येऊन थांबला, आणि काही केल्या तिथून हलेना. जिथं तो थांबला तिथं लोकांनी घरं बांधली. तेच हे शहर. मग काय, बसच्या अंगावर घोडा, गटाराच्या झाकणांवर घोडा, पाण्याच्या बिलावर घोडा, पोलिसाच्या टोपीवर घोडा, पोरांच्या शाळेच्या बिल्ल्यावर घोडा. आणि या सगळ्या घोड्यांचा बाप मोठ्या चौकात, उंच चौथऱ्यावर, ब्राँझचा.

त्याच घोड्याखाली ओळंब्याचे वडील गेले होते.

ते खलाशी होते. जहाजावरचे नव्हेत, जड यंत्रं, तुळया, पुतळे चढवायच्या-उतरवायच्या कामावर जी माणसं असतात त्यांनाही खलाशीच म्हणतात. तेव्हा एवढ्या मोठ्या क्रेन चौकात येत नसत. तीन लाकडी खांब, चेनपुली आणि माणसांचे खांदे, एवढ्यावर काम चाले. अनावरणाला कुणी बडे पाहुणे यायचे होते, त्यांचा दौरा ऐनवेळी अलीकडे आला, आणि वरून घाई सुटली. मुकादम म्हणत होता साखळी बदलू या, तिची एक कडी मला बरी दिसत नाही. वरचे म्हणाले, आत्ता नवी साखळी कुठून आणणार? चढवा. घोडा चौथऱ्याच्या अगदी वर आला होता, फक्त टेकवायचा राहिला होता. कडी उघडली. घोडा फार पडला नाही, हातभर खाली आला आणि तिरका झाला. पण त्या हातभराच्या मध्ये त्यांची छाती होती.

दुसऱ्या दिवशी चौथऱ्यावर पाणी मारलं, हार घातले, आणि अनावरण झालं. घरात वडिलांचं प्रेत होतं आणि खिडकीतून लाउडस्पीकरवरची भाषणं ऐकू येत होती. टाळ्या वाजल्या तेव्हा आई उठली आणि तिनं खिडकी लावून घेतली. उकाडा मरणाचा होता. जमलेल्या बायकांपैकी कुणीतरी म्हणालं, "अगं, हवा येऊ दे थोडी." ती म्हणाली, "नको ती हवा."

नुकसानभरपाई म्हणून आईला नगरपालिकेच्या इमारतीत झाडूपोछ्याचं काम मिळालं. कामाबरोबर निळा कोट मिळाला, आणि कोटाच्या खिशावर भरतकाम केलेला घोडा. पहिल्याच रात्री तिनं तो ब्लेडनं उसवून काढला. साहेबांनी बोलावून विचारलं, "बाई, हे काय? सरकारी कपडा आहे." ती म्हणाली, "धुण्यात गेला." नवा कोट दिला. तोही धुण्यात गेला. शेवटी साहेबच कंटाळले. निवृत्त होईपर्यंत ती खिशावर पिनेनं रुमाल लावून फिरली, आणि नवीन आलेल्यांना वाटायचं बाईला सारखी सर्दी असते.

मोठ्या चौकात तिनं पुन्हा पाऊल टाकलं नाही. ऑफिस चौकाच्या पलीकडे, घर अलीकडे; पण ती नदीकाठानं वळसा घालून जायची. पाऊस असो, ताप असो.

अशा घरातला मुलगा क्रेनवर गेला. आईनं दोन दिवस अन्न घेतलं नाही. "साऱ्या जगात दुसरा धंदा नव्हता का रे?" तिनं विचारलं. तो म्हणाला, "आई, क्रेनखाली कुणाला उभं राहावं लागत नाही. म्हणून तर क्रेन." हे खरंही होतं. पण पूर्ण खरं नव्हतं. त्याच्या मनात लहानपणापासून एकच गोष्ट होती, ती त्यानं कुणालाच सांगितली नव्हती, बायकोलासुद्धा नाही. एक दिवस तो घोडा आपण खाली उतरवायचा. कसा, कधी, कुणाच्या हुकमानं, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. चार वर्षांच्या पोराला जसं मोठेपणी चंद्रावर जायचं असतं तसं ते होतं. फक्त त्याचं ते वयाबरोबर गेलं नाही.

चौकात त्याला कामानिमित्त जावंच लागे. एकदा तो चौथऱ्याभोवतीचे दिवे बदलायला गेला होता. खाली एक मार्गदर्शक पाहुण्यांच्या घोळक्याला शहर दाखवत होता. पोरगा तरुण होता, जिभेवर साखर पेरलेली. म्हणाला, "आणि आता एक गंमत ऐका. हा पुतळा उभारताना घोड्यानं एका मजुराचा बळी घेतला. जुने लोक म्हणतात, म्हणूनच शहराची एवढी भरभराट झाली!" पाहुण्यांनी हौसेनं माना वर केल्या. एका बाईनं फोटो काढला.

ओळंबा क्रेनच्या टोकाचा, उभं राहायचा पाळणा खाली घेऊन उतरला. "मजूर नव्हता तो," तो म्हणाला. "खलाशी होता."

मार्गदर्शकानं त्याच्याकडे पाहिलं. "असेल. काय फरक पडतो, दादा?" आणि छत्री उंच धरून तो घोळका पुढे घेऊन गेला.

ओळंबा परत पाळण्यात चढला आणि त्यानं उरलेले दिवे बदलले.

मग नगरपालिकेत नवी माणसं निवडून आली. त्यांचं म्हणणं असं, की सरदाराचा घोडा येण्याआधीही नदीकाठी माणसं राहत होती. कोळी होते, कुंभार होते. त्यांच्या झोपड्या मोडूनच ते सरदार-बिरदार इथं वसले. मग राजधानीची खूण त्या चढाई करणाऱ्याचा घोडा का असावी? त्याऐवजी ओंजळ असावी. नदीचं पाणी भरून घेतलेले दोन हात. म्हणणं काही अगदीच वेडगळ नव्हतं. वर्तमानपत्रांत महिनाभर हाणामारी झाली, प्राध्यापक एकमेकांना पाण्यात पाहू लागले, आणि शेवटी ठराव झाला. घोडा काढायचा.

साहेबांनी ओळंब्याला केबिनमध्ये बोलावलं. "चौकाची गल्ली तुला माहिती आहे. दुसऱ्या कुणाला पाठवायची माझी छाती नाही. करशील ना?"

"करीन," तो म्हणाला.

घरी येऊन त्यानं आईला सांगितलं. सांगताना तो वर्ज्य शब्द तोंडात आणावाच लागला. "आई, तो घोडा काढतायत. मी काढतोय."

आई भाजी निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत. तशीच निवडत म्हणाली, "कधी?"

"या शनिवारी सकाळी. तू ये. मी तुझ्यासाठी पुढं जागा ठेवतो. मुकादमकाका येतील तुझ्याबरोबर."

ती येईल असं त्याच्या बायकोला वाटत नव्हतं. पण शनिवारी ती लवकर उठली, ठेवणीतले कपडे घातले, केस नीट बांधले. मुकादमकाका काठी टेकत दारात आले होते. वडिलांच्या टोळीतले तेवढे एकटेच उरले होते. "चला, वहिनी," ते म्हणाले. ती त्यांच्यामागून निघाली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ रस्त्यानं चौकात गेली.

चौक माणसांनी फुलला होता. एका बाजूला घोषणा देणारे, दुसऱ्या बाजूला काळे झेंडेवाले, मध्ये पोलीस, आणि पोरंटोरं झाडांवर. कामगारांनी आदल्या दिवशीच घोड्याच्या पायांतले बोल्ट कापून ठेवले होते. पोटाखालून आणि छातीखालून रुंद पट्टे घातले, हुक अडकवला. सिग्नलवाल्यानं हात वर केला. ओळंब्यानं खटका ओढला.

घोडा सहज उठला.

इतका सहज, की त्याचा हात क्षणभर चुकला. वजनाचा काटा त्यानं पाहिला, पुन्हा पाहिला. घोडा आतून पोकळ होता. पुतळे पोकळ ओततात हे त्याला ठाऊक होतं, धंद्यातलीच गोष्ट होती. पण या घोड्याबद्दल ते त्याच्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. त्याच्या मनातला घोडा भरीव होता. साऱ्या जन्माचं ओझं काट्यावर आलं तेव्हा ते भंगाराच्या ट्रकपेक्षाही कमी निघालं. असल्या डबड्यानं माझा बाप मारला, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला हसू की रडू ते कळेना.

खाली लोक बेभान झाले होते. कुणी चपला फेकत होतं, त्या ब्राँझवर आपटून टणटण वाजत होत्या. कुणी शिट्ट्या मारत होतं. त्यानं काचेतून आईला शोधलं. ती अडथळ्याच्या अगदी पुढं, दोन्ही हातांनी लोखंडी नळी धरून उभी होती. तोंड उघडं होतं. ती ओरडत होती. इंजिनाच्या घरघरीत शब्द ऐकू येत नव्हते, पण आई ओरडते आहे एवढं त्याला दिसलं, आणि छाती भरून आली. त्यानं काचेतून तिला अंगठा दाखवला.

घोडा ट्रकवर आडवा ठेवून तो खाली उतरला तेव्हा आई तिथं नव्हती. मुकादमकाका एका दुकानाच्या पायरीवर बसले होते.

"गेली रिक्षानं," ते म्हणाले. "मी म्हटलं थांबा, तो येतोय. ऐकलं नाही."

"खूश झाली ना?"

म्हाताऱ्यानं काठीनं जमिनीवर रेघ ओढली. "अरे, ती ठेव म्हणत होती. खाली ठेव, होता तिथं ठेव, असं ओरडत होती. पोलिसानं दोनदा मागं ओढलं तिला. तुला ऐकू नाही आलं?"

तो घरी गेला. आई त्याच कपड्यांत खुर्चीवर बसली होती. त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात, पुढं यावं की नाही या विचारात उभी.

"आई, मला वाटलं तू..."

"तुला काय वाटलं ते तुझ्याजवळ ठेव."

"जन्मभर त्याच्यावरून तू वाट वाकडी केलीस! त्याचं नाव घेतलं म्हणून पोरीला मारलंस! मी तुझ्यासाठी केलं हे."

"माझ्यासाठी?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण तळपायाची आग मस्तकात गेल्याचं तिच्या तोंडावर दिसत होतं. "मला विचारलंस? कधी म्हटलं मी, काढा म्हणून? अरे, तो माणूस तो घोडा उभा करताना मेला. वाईट मेला, पण काहीतरी उभं करून मेला. राजधानीचा घोडा! माझ्या डोळ्यांत खुपत होता, खुपू दे. माझे डोळे होते. आता लोक चपला मारतात त्याला, आणि माझा पोरगा अंगठा दाखवतो. मग तुझा बाप मेला कशासाठी? सांग ना. कशासाठी मेला?"

तो म्हणाला, "मी नसता काढला तर दुसऱ्यानं काढला असता."

"मग दुसऱ्यानं काढायचा होता," आई म्हणाली.

त्या दिवसापासून घरात तिचं बोलणं कामापुरतं झालं. मीठ दे, गॅस बंद कर, पाणी आलं. आणि एक नवीनच सुरू झालं. दर आठवड्याला ती दुपारची कुठंतरी जाऊ लागली. बायकोनं पत्ता काढला. नगरपालिकेचं भंगाराचं आवार होतं शहराच्या टोकाला. मोडक्या बस, फुटके दिवे, टायरांचे ढीग, आणि त्यांच्यामध्ये एका कुशीवर पडलेला घोडा. म्हातारी तिथं जाऊन बसायची. आवाराचा रखवालदार तिला स्टूल देत असे. तो सांगत होता, "काही करत नाही हो. बसते, डबा खाते, जाते. एकदा मला म्हणाली, यातला कुठला पाय ते मला कुणी सांगितलंच नाही. मला काही समजलं नाही."

ओळंब्याला समजलं. वडिलांच्या छातीवर आला तो पुढचा उजवा. मुकादमकाकांनी त्याला कधीच सांगितलं होतं. आईला जाऊन सांगावं असं त्याला वाटलं, पण दर वेळी तो चपला घालून कामावर निघून गेला.

मग डेपोत बातमी आली, की घोडा वितळवायला दिला. ट्रकही त्यांच्याच डेपोतला जायचा होता. ओळंब्याला ते आदल्या दिवशीच कळलं होतं. आईला घरी बसवता आलं असतं, निदान सांगता आलं असतं. तो बोलला नाही. आई नेहमीसारखी गेली आणि लवकर परत आली. "रखवालदार म्हणाला, नेला," एवढंच बोलली, आणि रिकामा न केलेला डबा मोरीत ठेवला.

ओंजळ बसवायचं कामही त्याच्याचकडे आलं. चकचकीत स्टीलचे दोन प्रचंड हात, आकाशाकडे उघडे. लोकांनी आठवड्याभरातच तिचं बारसं केलं. "नगरपालिकेनं हात पसरले" म्हणू लागले, आणि चौकाला भिकाऱ्याचा चौक. अनावरणाच्या दिवशी या वेळी कामगारांनाही बोलावलं होतं, खुर्च्या होत्या, सरबत होतं. प्रत्येकाला मखमलीच्या डबीतून एकेक पदक दिलं. ओळंब्याचं नाव माइकवरून घेतलं, खरं नाव, आणि ते त्यालाच क्षणभर ओळखीचं वाटलं नाही.

पदकं कशाची ते माइकवरून ऐकल्यावर डबी त्यानं न उघडताच कामाच्या पिशवीत टाकली. बायकोला ती सापडली. तिला बिचारीला कौतुक. नवऱ्याला कधी कुणी काही दिलं नव्हतं. तिनं पदक पुसून बाहेरच्या खोलीत, फोटोंच्या फळीवर उभं केलं. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा आई त्या फळीसमोर उभी होती, आणि पदक तिच्या तळहातावर होतं.

"कसलं आहे हे?"

"पितळेचं," तो म्हणाला.

"नाही हो," बायको आतून उत्साहानं म्हणाली. "मागं लिहिलंय ना, आई, चष्मा देऊ का? जुन्या घोड्याच्या धातूपासून घडवलेलं. किती छान कल्पना, नाही का?" आणि बोलता बोलता ती बाहेर आली, दोघांची तोंडं पाहिली, आणि तिच्या जिवाचं पाणी पाणी झालं.

आईनं पदक फळीवर, होतं तिथंच ठेवलं. जरा तिरकं झालं होतं ते सरळ केलं. "पितळेचं म्हणालास," ती मुलाला म्हणाली. "वितळवायला नेला तेव्हाही माहीत होतं तुला. हो ना?"

"तुला त्रास होईल म्हणून..."

"त्रास," ती म्हणाली. "सगळ्यांनी माझ्या त्रासाची केवढी काळजी घेतली रे. तुझा बाप गेला तेव्हाही मला कुणी चौकात बोलावलं नव्हतं. धुऊन, पुसून, कपड्यात गुंडाळूनच घरी आणला. त्रास होईल म्हणून."

धाकटी बहीण लग्नानंतर दूर समुद्राकाठच्या गावी राहत होती. आईनं तिला फोन केला, आणि आठवड्यात सामान बांधलं. एक बॅग, एक गाठोडं. सुनेनं रडून पाहिलं, शेजारणींनी समजावून पाहिलं. "बदल म्हणून जाते," ती सगळ्यांना सांगत होती, आणि बदल म्हणून कुणी हिवाळ्याचे आणि उन्हाळ्याचे दोन्ही कपडे नेत नाही, हे सगळ्यांना दिसत होतं.

तो तिला बसस्टँडवर पोचवायला गेला. बॅग वर ठेवली, खिडकीजवळची जागा धरून दिली. खाली उतरून तो खिडकीशी उभा राहिला. ड्रायव्हर अजून आला नव्हता.

"आई," तो म्हणाला, "पुढचा उजवा होता."

तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"आता काय करू त्याचं?" ती म्हणाली. मग तिनं खिडकीची काच ओढून घेतली.

बहिणीकडून आईचा फोन दर रविवारी येतो. ती सुनेशी बोलते. गुडघ्याचं सांगते, तिथल्या दमट हवेचं सांगते, नातवंडांचं सांगते. शेवटी बायको विचारते, "आई, हे इथंच आहेत, देऊ का?"

"नको," पलीकडून उत्तर येतं, "कामावर असेल तो."

आणि तो समोरच्याच खुर्चीत चहा पीत बसलेला असतो.